उदाहरणे सोडवा, मगच पुस्तक मिटा



एन्रिको फर्मी यांनी १९३६ साली कोलंबिया विद्यापीठात दिलेली व्याख्याने १९३७ मध्ये ‘थर्मोडायनॅमिक्स’ या लहानशा पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. त्यातील प्रकरणांच्या शेवटी उदाहरणे आहेत. ती सोडविल्याविना पुस्तक वाचले असे समजू नका.

उकळते पाणी ३७३ केल्विन, भोवतालची हवा ३०० केल्विन. या दोहोंमध्ये चालणारे आदर्श इंजिनसुद्धा घेतलेल्या १०० भाग उष्णतेतून सुमारे २० भागच काम देते. उरलेली उष्णता बाहेर टाकावीच लागते. हे पाठ करून कळत नाही. स्वतः गणित मांडले म्हणजे पटते.

आमची मुले मागे पडतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, सराव कमी म्हणून. तेव्हा पालकहो, मुलामुलींनी गाईड मागितले तर आधी एवढेच विचारा, “बेटा, आज किती उदाहरणे सोडवलीस?”