टाइपरायटरचा जनक आणि आपले शंकर आबाजी भिसे

मूर्तिजापूरच्या तहसील कचेरीच्या आवारात ज्यांनी कधी अर्ज लिहून घेतला असेल, त्यांच्या कानांत एक आवाज अजून असेल. टक्‌टक्, टक्‌टक्, मग टिंग करून एक घंटी, आणि मग गाडा मागे सरकविल्याची खर्रर्र. झाडाच्या सावलीत लहानसे टेबल, टेबलावर काळे यंत्र, यंत्रापाशी एक चष्मेवाले गृहस्थ, आणि समोर उकिडवा बसलेला शेतकरी. शेतकरी सांगायचा, "लिहा भाऊ, बुढा जाऊन दोन वर्स झाले, वावर अजून माह्या नावावर नाही चढलं." आणि ते गृहस्थ हे बोलणे सरकारी मराठीत बसवून कागदावर उतरवायचे. हाताने लिहिलेला अर्ज साहेब वाचील न वाचील, पण टाइप केलेला अर्ज त्याला वाचावाच लागेल, असा त्या शेतकऱ्याचा भरवसा असे.

याच यंत्राने आणखी एक काम केले. कुरुम, माना, हिरपूर, लाखपुरी अशा गावांची मुलेमुली एस.टी.ने तालुक्याला यायची आणि टायपिंगच्या क्लासात बसायची. मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस, म्हणजे मिनिटाला इतके शब्द, ही परीक्षा पास झाली की कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करता येई. कोरडवाहू चार एकरांच्या घरात त्या एका प्रमाणपत्राची किंमत काय असते, ती मी आपणांस सांगायला नको.

आता ते यंत्र मागे पडले. आपल्याकडे गोदरेज कंपनीने १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला, आणि २००९ साली तो बनविणे थांबविले. पण आज संगणकाच्या ज्या कळफलकावर मुले बोटे ठेवतात, त्यावरील इंग्रजी अक्षरांची मांडणी त्या जुन्या यंत्राचीच आहे. तेव्हा हे यंत्र कोणी काढले, कसे काढले, आणि अशा कामात आपल्यापैकी कोणी होते की नाही, हे आज पाहू या.

अक्षरे उठविणारे यंत्र करावे ही कल्पना जुनी. इटलीत पेल्लेग्रिनो तुर्री नावाच्या गृहस्थाने १८०८ च्या सुमारास एका अंध स्त्रीला पत्रे लिहिता यावीत म्हणून असे यंत्र केले होते. अमेरिकेत विल्यम बर्ट यांनी १८२९ साली एकाचे पेटंट घेतले. पण ही यंत्रे घराघरांत, कचेरीकचेरीत गेली नाहीत. ते घडले क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांच्या हातून.

शोल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ चा, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतातला. ते काही मोठे शास्त्रज्ञ नव्हते. लहानपणी छापखान्यात उमेदवारी केली, पुढे विस्कॉन्सिन प्रांतात जाऊन वर्तमानपत्र चालविले, प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले. त्या प्रांतातून फाशीची शिक्षा १८५३ साली रद्द झाली, त्या चळवळीत शोल्स पुढे होते.

छापखान्याचा माणूस, म्हणून त्यांनी आधी तिकिटांवर व वहीच्या पानांवर क्रमांक छापणारे यंत्र तयार केले. सोबतीला सॅम्युअल सूल नावाचे दुसरे मुद्रक होते. मिलवॉकी शहरातील यंत्रकामाच्या एका दुकानात हे काम चाले. त्याच दुकानात कार्लोस ग्लिडन नावाचे तिसरे गृहस्थ येत. हे ग्लिडन कशाच्या मागे होते म्हणता? यंत्राच्या नांगराच्या! नांगरावर खटपट करता करता त्यांनी शोल्स यांना विचारले, "तुमचे यंत्र आकडे छापते, तर अक्षरे का छापू नये?" श्रोतेहो, आपल्या कचेरीसमोरच्या त्या काळ्या यंत्राच्या जन्मकथेत असा एक नांगरवालाही आहे, बरे का!

तिघांनी मिळून यंत्र केले आणि २३ जून १८६८ रोजी त्याचे पेटंट मिळाले. कळा पेटीच्या पट्ट्यांसारख्या होत्या. पण यंत्र तयार झाले म्हणजे काम संपले असे नाही. खरे काम तिथून पुढे सुरू झाले. जेम्स डेन्समोर नावाच्या माणसाने यंत्र डोळ्यांनी न पाहताच, त्यावर टाइप करून आलेले पत्र वाचून, पैसे घातले. मग यंत्र पाहिले आणि म्हणाला, हे चालणार नाही, सुधारा. एकेक नमुना तयार होई आणि तो वॉशिंग्टनला जेम्स क्लेफेन नावाच्या लघुलेखकाकडे जाई. हा क्लेफेन यंत्र मोडेपर्यंत वापरी आणि मग दोषांची यादी लिहून पाठवी. शोल्स यांना याचा फार संताप येई. पण डेन्समोर म्हणे, दोष आत्ताच कळले तर बरे, गिऱ्हाइकाला कळले तर आपण बुडालो. असे पंचवीस-तीस नमुने झाले. अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकत, म्हणून अक्षरांची मांडणी पुन्हा पुन्हा बदलली असे सांगतात. तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या सोयीनेही ती बदलली, असेही काही अभ्यासकांचे म्हणणे आहे.

शेवटी १८७३ साली रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. ही कंपनी बंदुका आणि शिवणयंत्रे करणारी. १८७४ साली यंत्र बाजारात आले, किंमत १२५ डॉलर. त्यावर शिवणयंत्रासारखी फुले रंगविलेली होती आणि गाडा मागे नेण्यासाठी पायाने दाबायची पट्टीही होती. अक्षरे फक्त मोठ्या लिपीतली. लहानमोठी दोन्ही अक्षरे १८७८ च्या नव्या यंत्रात आली. शोल्स यांनी आपला हक्क १२,००० डॉलर घेऊन विकला. १७ फेब्रुवारी १८९० रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. ते श्रीमंत झाले नाहीत. पण कष्टकरी स्त्रियांना या यंत्रामुळे पोट भरण्याचा सोपा मार्ग मिळाला, याचे त्यांना अखेरीस मोठे समाधान होते. लाखपुरीहून क्लासाला येणाऱ्या मुलीपर्यंत ते समाधान येऊन पोहोचते.

हे झाले इंग्रजीचे. इंग्रजीत अक्षरे सव्वीस. आपल्या मराठीत मुळाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे. यंत्रावर कळा मात्र पंचेचाळीसच्या आसपास, एका कळीवर दोन खुणा. मग कसे बसविले? तर अक्षराचा अर्धा भाग एका कळीवर ठेवला आणि काना दुसऱ्या कळीवर. काही खुणांच्या कळा अशा केल्या की त्या दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नाही, त्यामुळे खूण अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी नेमकी बसते. गुरुजनहो, जोडाक्षर शिकविताना आपण मुलांना अक्षर फोडून दाखवितो ना, तीच युक्ती या यंत्रात आहे.

छापखान्यात हीच अडचण कितीतरी मोठी. जुन्या छापखान्यात प्रत्येक अक्षराचा शिशाचा वेगळा खिळा असे. जुळारी तो एकेक खिळा उचलून ओळ जुळवी. इंग्रजीला खिळ्यांचे प्रकार थोडे, मराठीला काही शे. लोकमान्य टिळकांनीसुद्धा 'केसरी'साठी ही संख्या कमी कशी करता येईल यावर डोके चालविले होते. हे खिळे यायचे कोठून? गुढीपाडव्याला साखरेच्या गाठ्या साच्यात ओततात ते आपण पाहिले आहे. तसेच वितळलेले शिसे अक्षराच्या साच्यात ओतून खिळा पाडीत. खिळे झिजत, नवे पाडावे लागत. जो हे काम झटपट करील, तो छापील पुस्तक स्वस्त करील. आणि या कामात एका मराठी माणसाने जगाशी टक्कर दिली. त्यांचे नाव शंकर आबाजी भिसे.

गैरसमज नको. भिसे यांनी टाइपरायटर काढला नाही. पण शोल्स यांच्याप्रमाणेच त्यांचा ध्यास अक्षराच्या यंत्राचा. त्यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला, म्हणजे शोल्स यांच्या पेटंटाच्या आदल्या वर्षी. लहानपणापासून वस्तू उघडून पाहण्याची खोड. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच कोळशापासून गॅस काढण्याची खटपट केली. पुढचे स्थानक कोणते हे आगगाडीतल्या प्रवाशास दाखविणारी योजनाही त्यांनी आखली. आपण मूर्तिजापूर जंक्शनची माणसे. रात्रीच्या गाडीत डुलकी लागून बडनेऱ्यास उतरण्याची पाळी ज्याच्यावर आली असेल, त्याला त्या योजनेचे मोल कळेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका मासिकाने स्पर्धा लावली. वाणसामान आपोआप तोलून देणारे यंत्र कोण सुचवितो? मुंबईच्या भिसे यांनी आराखडा पाठविला आणि तिथल्या स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस मिळविले. मग दिनशा वाच्छा यांचे पत्र घेऊन ते लंडनला गेले. तिथे त्यांच्या पाठीशी उभे राहिले दादाभाई नौरोजी. देशाचे दारिद्र्य का वाढते याचा हिशोब मांडणाऱ्या त्या वृद्ध पुढाऱ्याला कळले होते की, देशाला नुसती भाषणे पुरत नाहीत, कारखाने लागतात.

लंडनमध्ये भिसे यांनी विजेच्या पाट्या केल्या, घरगुती उपकरणे केली. पण खरे काम 'भिसोटाइप'चे. हे खिळे पाडणारे यंत्र मिनिटाला १,२०० खिळे पाडी, असे सांगतात. म्हणजे आपण 'एक' म्हणेपर्यंत वीस खिळे! त्या काळी लायनोटाइप आणि मोनोटाइप या बड्या यंत्रांचा छापखान्यांत दबदबा होता. त्यांच्या रांगेत आपले यंत्र नेऊन उभे करण्याची जिद्द एका मराठी माणसाने धरली होती.

मग घोडे अडले कुठे? पैशापाशी. दादाभाईंनी खटपट केली. हाइंडमन नावाच्या इंग्रज समाजवादी पुढाऱ्यानेही भांडवल जमविण्याचा प्रयत्न केला. जमले नाही. १९०८ च्या अखेरीस भिसे मुंबईकडे परत निघाले. बोटीवर त्यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी पडली. गोखल्यांनी त्यांची गोष्ट टाटांच्या घरी पोहोचविली आणि सर रतन टाटा यांनी पैसे घातले. काम पुन्हा सुरू झाले. परंतु पहिले महायुद्ध आले आणि विलायतेतील तो डावही मोडला. भिसे अमेरिकेस गेले. तिथेही त्यांनी यंत्राच्या मागचा ध्यास सोडला नाही. पुढे आयोडिनचे 'ॲटोमिडीन' नावाचे औषध तयार केले, त्याने नाव मिळविले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क शहरी त्यांचा देह पडला. लोक त्यांना हिंदुस्थानचे एडिसन म्हणत. आज त्यांचे नाव आपल्या शाळांतून क्वचितच ऐकू येते.

आता ही दोन आयुष्ये शेजारी ठेवून पाहा. बुद्धीने भिसे शोल्स यांच्याहून कमी नव्हते. मग एकाचे यंत्र मूर्तिजापूरच्या झाडाखाली येऊन पोहोचले आणि दुसऱ्याचे का नाही? शोल्स यांच्या घरापासून चार पावलांवर यंत्रकामाचे दुकान होते. प्रश्न विचारणारा नांगरवाला मित्र होता. दोष काढणारा क्लेफेन होता. हट्टाने पैसा आणणारा डेन्समोर होता. आणि शेवटी, बंदुका करणारा कारखाना यंत्र बनवायला तयार होता. भिसे यांना यांतली प्रत्येक गोष्ट समुद्र ओलांडून शोधावी लागली. देश परक्यांच्या हाती, स्वतःचे कारखाने मोजके. शोध एका डोक्यात सुरू होतो हे खरे, पण तो तडीस न्यायला दहा हात लागतात. ते हात गावात, तालुक्यात, देशात नसले, तर डोके परदेशी जाते.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्यापाशी एक मागणे आहे. आपल्या वर्गात एक तरी पोर असे असते, जे घड्याळ उघडते, सायकलची साखळी काढून बसते, तिफणीच्या चाड्यातून दाणा एकसारखा का पडत नाही असे बापाला विचारते. बाप म्हणतो, "लय शायना झाला का बे?" आपण तसे म्हणू नका. शाळेत एक खोके ठेवा. त्यात मोडका रेडिओ, बंद घड्याळ, फवारणीचा बिघडलेला पंप धुऊन-पुसून टाका. शनिवारी एक तास ते खोके उघडा. एकाने यंत्र जोडावे, दुसऱ्याने त्यातला दोष काढावा, आणि दोष काढणाऱ्याचा पहिल्याने राग मानू नये, हेही शिकवा. महिन्यातून एकदा मुलांना गावच्या लोहाराच्या भात्यापाशी किंवा वेल्डिंगच्या दुकानात घेऊन जा. मिलवॉकीचे ते दुकान काही याहून फार मोठे नव्हते.

आणि शेतकरी बंधूंनो, आपणही एक करा. आपल्या पोराने डवऱ्याला काही नवे जोडले, तर ते एकदा वावरात चालवून पाहा. चालले नाही, तर का चालले नाही ते त्याला नीट सांगा. क्लेफेनने शोल्स यांच्यासाठी एवढेच केले होते.

कचेरीसमोर बसून त्या शेतकऱ्याने दुसऱ्याने केलेल्या यंत्रावर आपली कैफियत लिहवून घेतली. त्याच्या नातवाच्या हातून एखादे यंत्र व्हावे, आणि त्यासाठी त्याला भिसे यांच्यासारखी बोट धरावी लागू नये, एवढे आपल्या सर्वांच्या हातून घडो.