पिंपरी ते चाकण : कामगाराची पेन्शन

खासगी कारखान्यात आयुष्य घालवलेल्या कामगाराची पेन्शन म्हणजे ‘कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५’. ती १६ नोव्हेंबर १९९५ ला लागू झाली आणि १९७१ पासून चालत आलेली कुटुंब निवृत्तिवेतन योजना तिच्यात विलीन झाली. जुन्या योजनेत कामगार गेला तर घरच्यांना पेन्शन मिळे. तो जगला तर त्याला स्वतःला म्हातारपणी पेन्शन नव्हती. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत, टेल्को, बजाज ऑटो असे एकेक कारखाने येत गेले. त्यांच्या गेटवर भरतीसाठी उभी राहिलेली पिढी या दोन योजनांच्या सांध्यावर म्हातारी झाली. तिची काही नोकरी एका नियमात आणि उरलेली दुसऱ्या नियमात मोजली गेली.

या पेन्शनसाठी कामगाराच्या पगारातून काही कापत नाहीत. त्याचे बारा टक्के सगळे पीएफमध्ये जातात. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन फंडात वळतात आणि केंद्र सरकार १.१६ टक्के घालते. पण हे टक्के कितीवर धरायचे, इथे मेख आहे. पगाराची कमाल मर्यादा सुरुवातीला ५,००० रुपये होती, २००१ मध्ये ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० आहे. पगार चाळीस हजार असला तरी मालकाकडून फंडात महिन्याला १,२५० रुपयेच पडतात. हिशेब असा : शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. १५,००० पगारावर दहा वर्षांचे २,१४३ रुपये होतात, पस्तीस वर्षांचे ७,५००. वीस वर्षे भरली तर दोन वर्षे वाढवून मिळतात. मात्र २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६,५०० चीच मर्यादा लागते. त्यामुळे प्रत्यक्ष पगारावरच्या वाढीव पेन्शनचा पर्याय न घेतलेला जुना कामगार आज निवृत्त झाला, तर त्याच्या हातात ७,५०० पडत नाहीत.

आणि एकदा ठरलेला आकडा महागाईबरोबर हलत नाही. २०१० मध्ये ज्याची पेन्शन १,४०० रुपये ठरली, त्याच्या पासबुकात आजही १,४००च उमटतात. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच किमान ३,००० ची शिफारस केली होती. बुलढाण्याहून चालणाऱ्या पेन्शनरांच्या आंदोलनाची मागणी ७,५०० अधिक महागाई भत्ता अशी आहे, आणि ती अवाजवी नाही. हजार रुपयांत आकुर्डीत एका म्हाताऱ्या माणसाचा महिन्याचा किराणाही येत नाही.

दहा वर्षांची अट ही योजनेची कडी आहे. तेवढी नोकरी भरली तर ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण दर वर्षामागे चार टक्के कमी होऊन. निगडी-भोसरीच्या जुन्या पर्मनंट कामगाराला ही अट जाणवलीही नाही. चाकण, महाळुंगे, तळेगावच्या कंत्राटी मुलाला ती पदोपदी आडवी येते. एका ठेकेदाराकडे सात महिने, मग ब्रेक, मग त्याच शॉपमध्ये दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर अकरा महिने, असे त्याचे आयुष्य चालते. ही दहा वर्षे सलग असायला लागत नाहीत, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. तुकडे जोडता येतात. शेवटी उरलेले सहा महिने किंवा जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरतात. पण प्रत्येक ब्रेकमध्ये खोलीचे भाडे थकते, गावाकडे पैसे पाठवायचे असतात, आणि मुलगा ‘पीएफ काढतो’. पीएफबरोबर १०-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसेही काढले, की तेवढी नोकरी पुसली जाते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येते. ते घेतले तर झालेली वर्षे पुढच्या नोकरीत धरली जातात. काही हजार रुपयांसाठी चार-पाच वर्षांची नोकरी पुसून बसलेली तरुण मुले या पट्ट्यात घरोघर भेटतात. दोष त्यांच्या अज्ञानाला देणे अन्यायाचे आहे, कारण हा पर्याय कामगाराला समजावून सांगण्याचे काम आजवर कोणी आपले मानलेले नाही. कारखान्यांतल्या कामगार अधिकाऱ्यांनी ते आपले मानावे.

कामगार नोकरीत असताना गेला, तर दहा वर्षांची अट लागतच नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला विधवा पेन्शन मिळते. ती किमान १,००० रुपये. शिवाय दोन मुलांना पंचवीस वर्षांचे होईपर्यंत प्रत्येकी त्या रकमेच्या पाव हिस्सा, किमान २५०. आई-वडील दोघेही नसलेल्या मुलांना विधवा पेन्शनच्या पाऊणपट. पत्नीने पुन्हा लग्न केले तर तिची पेन्शन थांबते आणि मुलांना अनाथ पेन्शनचा दर लागू होतो. पीएफशी जोडलेल्या विम्याचे पैसे, सात लाखांपर्यंत, वेगळे मिळतात. मृत्यू कामावरच्या अपघाताने झाला असेल आणि कामगार कर्मचारी राज्य विम्यात (ईएसआय) असेल, म्हणजे पगार २१,००० पर्यंत असेल, तर सरासरी रोजाच्या नव्वद टक्के दराने आश्रितांना लाभ मिळतो. त्यात विधवेचा वाटा तीन पंचमांश. हा हक्क कामाच्या पहिल्या दिवसापासून असतो, आणि पीएफची पेन्शन त्याच्या आड येत नाही. पॉवर प्रेसवर काम चालणाऱ्या पट्ट्यात ही गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक असायला हवी. प्रत्यक्षात दु:खाच्या त्या दिवसांत ठेकेदाराचा माणूस पाकीट घेऊन येतो, सही घेतो, आणि घरच्यांना वाटते की प्रकरण मिटले.

मिळालेली पेन्शन चालू ठेवण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ने, आधार जुळवून, देता येतो. यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो, आणि इथेच अडते. तीस वर्षे लेथवर उभ्या राहिलेल्या टर्नरच्या बोटांच्या रेषा कूलंट, बर आणि लोखंडाच्या भुश्शाने घासून गेलेल्या असतात. तो अंगठा पुसतो, केसांवरून फिरवतो, पुन्हा ठेवतो. यंत्र नकार देते. आता मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो आणि वर्षात केव्हाही दिला तरी तो बारा महिने चालतो. नावातला फरक ही दुसरी अडचण. नोकरीच्या कागदावर ‘लक्ष्मी’, आधारवर ‘लक्ष्मीबाई’, माहेरचे आडनाव एकीकडे, सासरचे दुसरीकडे. संयुक्त घोषणापत्राने ते दुरुस्त होते, पण जुन्या कामगारांच्या बाबतीत त्यावर बहुधा मालकाची सही लागते. कारखानाच बंद पडला असेल, तर त्या सहीसाठी म्हातारीच्या खेपा सुरू होतात.

ज्यांची नोकरी कुठल्याच रजिस्टरवर आली नाही, अशा घरकाम करणाऱ्या बाया, हातगाडीवाले, नाक्यावरचे मजूर यांच्यासाठी राज्याच्या योजना आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची. विधवा, दिव्यांग, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण तिच्यात येतात. पासष्टीच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. दोन्हींत २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले. अर्ज तहसीलमध्ये : शहरातल्यांनी अपर तहसील कार्यालयात, चाकणच्या माणसाने खेड तालुक्याचे ठिकाण राजगुरुनगर इथे. राज्यात पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो.

निराधार विधवा आणि वृद्ध यांच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये धरलेली आहे, म्हणजे महिन्याला १,७५०. घरातला एक मुलगा चाकणला हेल्पर असला, तर त्याचा दोन महिन्यांचा किमान पगारच वर्षाची मर्यादा ओलांडतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत तेवढ्याच १,५०० रुपयांसाठी मर्यादा अडीच लाख ठेवली गेली. मग सत्तर वर्षांच्या विधवेला २१,००० ची का? ही मर्यादा निदान अडीच लाखांवर नेणे हे या विषयातले सर्वांत तातडीचे काम आहे.

राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना १९९५ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला अठरा ते एकोणसाठ वयाचा कर्ता माणूस गेला, मग मृत्यू कोणत्याही कारणाने असो, तर कुटुंबाला एकरकमी २०,००० रुपये मिळतात. पण त्यासाठी घराचे नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत लागते, आणि लातूर-बीडहून आलेल्या कुटुंबाचे रेशनकार्ड व यादीतले नाव बहुधा गावीच असते. मृत्यू चिंचवडला होतो, दाखला इथली महापालिका देते, आणि यादीचा उतारा आणायला दिराला रात्रीच्या एसटीने गावी जावे लागते.