पाड्याची पोरं पाड्यानेच निवडायची

(संघटनेच्या कार्यकर्ता शिबिरात तरुण कार्यकर्त्यांच्या वतीने केलेले भाषण. सगळ्यांना येता आले नाही, म्हणून इथे देत आहोत. ज्याला वाचता येते त्याने पाड्यात बसून मोठ्याने वाचून दाखवावे.)



आज आम्ही तरुण पोरं बोलणार आहोत. मोठी माणसं समोर बसलीत, काही चुकलं तर कान धरा. विषय एकच आहे. वनहक्काच्या कामाला प्रत्येक पाड्यातून स्वयंसेवक पाहिजेत. ते कोणी निवडायचे, कसे निवडायचे, आणि त्यांच्या पोटाचं काय, हे ठरवायचं आहे.

घाई का आहे ते आधी सांगतो. कायदा २००६ साली झाला. त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी जंगलजमीन आपण कसतो, ती आपल्या नावावर होऊ शकते, ४ हेक्टरपर्यंत. पण ती आपोआप होत नाही. दावा भरावा लागतो. ग्रामसभा १० ते १५ माणसांची वनहक्क समिती निवडते. समिती शेतावर जाऊन पाहणी करते, नकाशा करते. मग ग्रामसभा ठराव करते, तो प्रांतसाहेबांच्या समितीकडे जातो, तिथून जिल्ह्याला. एवढ्या पायऱ्या आहेत, आणि पहिली पायरी आपल्याच हातात आहे. पहिली पायरी कच्ची राहिली तर वरचे लोक कागद परत पाठवायला तयारच बसलेत.

आता आपली परिस्थिती बघा. भात कापून झालं, दिवाळी झाली, की निम्मा पाडा वीटभट्टीवर. काहींनी तर उचल आधीच घेतली आहे. माणूस भट्टीवर आणि समिती त्याच्या शेतावर, मग बांध कोण दाखवणार? म्हणून दिवाळीच्या आत प्रत्येक पाड्याची मोजणी, पुरावे, जबाब झाले पाहिजेत. हे समितीच्या १०-१५ माणसांचं काम नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना लिहिता येत नाही. त्यांच्या हाताखाली पोरं लागणारच.

आमच्या हातून झालेली चूक

दुसऱ्याला शिकवण्याआधी आम्ही आमची चूक सांगतो.

पावसाळ्याच्या आधी आम्ही काही पाड्यांत काम सुरू केलं. पोरं कोणी निवडली? आम्हीच. मोर्च्यात जो चांगलं बोलला, ज्याचं अक्षर चांगलं, जो बारावी झालाय, त्याचं नाव लिहिलं. पाड्याला विचारलं नाही. आम्हाला वाटलं, शिकलेला आहे म्हणजे जमेल.

एका पाड्यात एक म्हातारी आजी. नवरा कधीचाच गेला. तिच्याकडे एक पत्र्याचा डबा, कुडाला टांगलेला, धुराने काळा झालेला. त्यात नवऱ्याने भरलेल्या दंडाच्या पावत्या. जंगलात अतिक्रमण केलं म्हणून फॉरेस्टवाल्यांनी फाडलेल्या. आमच्यातला पोरगा गेला, त्याने पावत्या पाहिल्या आणि घाबरला. म्हणाला, "आजी, हे गुन्ह्याचे कागद आहेत. साहेबाला दाखवलेस तर केस होईल." आजीने पोराचं ऐकलं. शिकलेला पोरगा, तो खोटं कशाला सांगेल? संध्याकाळी पावत्या चुलीत गेल्या.

अहो, तोच तर पुरावा होता! सरकारी कागद, त्यावर नवऱ्याचं नाव, तारीख, जंगलाचा नंबर. २००५ च्या कितीतरी आधीपासून हे कुटुंब तिथे नांगर धरतंय, हे खुद्द फॉरेस्टनेच लिहून दिलं होतं. ज्या पावतीपायी आजीच्या घरातली कोंबडी-बकरी गेली, तीच पावती आज तिची जमीन राखणार होती.

मग धावपळ केली. नियमात आहे की दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा धरतात. शेजारच्या पाड्यातल्या एका आज्याने जबाब दिला, अंगठा केला. रेशन कार्ड जोडलं. पुरावा एकापेक्षा जास्त लागतो, तो कसाबसा पुरा केला. ग्रामसभेने दावा मंजूर करून वर पाठवला आहे. निकाल यायचा आहे. तो काय लागतो ते कळेपर्यंत आमच्या घशाखाली घास नीट उतरत नाही.

त्या पोराला आम्ही दोष देत नाही. तो लहानपणापासून आश्रमशाळेत. आम्हीही तसेच वाढलो. सुट्टीपुरतं घर पाहिलेलं. कोणाचा बांध कुठे, दंड कोणी कधी भरला, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. दोष आमचा, की त्याला आधी शिकवलं नाही, आणि पाड्याला विचारलं नाही. पाड्याला विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, "त्याच्याबरोबर अजून कोणीतरी द्या, त्याला रान ठाऊक नाही."

दुसऱ्या पाड्यात उलट झालं. तिथे लोकांनी स्वतःच एक पोरगी पुढे केली. सातवीला शाळा सुटली, बकऱ्या राखायची. आम्हाला वाटलं, हिला काय जमणार? पण बकऱ्यांमागे फिरून तिला प्रत्येक बांध, प्रत्येक झाड, कोणाची नागली कुठे आणि कोणाची वरई कुठे, सगळं तोंडपाठ. कागद लिहायला तिच्या चुलतभावाला बसवलं. दोघांनी मिळून अख्खा पाडा मोजला. एकाही बांधावरून भांडण झालं नाही, कारण ती खोटं बोलणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

यावरून आम्ही शिकलो ते असं: एकटा नको, जोडी पाहिजे. एकाला लिहिता यावं, एकाला रान ठाऊक असावं. आणि जोडीत एक पोरगी असलीच पाहिजे.

पोरगी का? कायद्यात जमीन नवरा-बायको दोघांच्या नावावर होते. समितीतही तीन माणसांमागे एक तरी बाई लागते. पण पोरगा घरी गेला की बोलतो कोणाशी? पुरुषाशी. दाव्यावर बाईचं नाव राहून जातं. विधवा बाईचा, टाकलेल्या बाईचा दावा तर कोणी विचारतच नाही. पोरगी गेली तर चुलीपाशी बसून विचारते. "पोरगी लग्न होऊन जाईल, तिला शिकवून काय उपयोग?" असं काही जण म्हणतात. जाईल तर ज्या पाड्यात जाईल तिथे हे काम घेऊन जाईल. तो पाडाही आपलाच आहे.

पोटाचं काय?

आता खरी अवघड गोष्ट. हे काम फुकट करायचं, की पैसे घेऊन?

काही जण म्हणतात, चळवळीचं काम आहे, पैसे कसले? बोलायला बरं वाटतं. पण एक दिवस मोजणीला गेलं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडली. ज्याच्या घरी भात आहे तो येईल. ज्याची आई रोज कामाला जाते तेव्हा चूल पेटते, तो कसा येणार? म्हणजे फुकट म्हटलं की स्वयंसेवक होणार सरपंचाचा पुतण्या नाहीतर दुकानदाराचा पोरगा. कातकरी पाड्यातला तर एकही येणार नाही. आणि रिकाम्या पोटी फिरणारा पोरगा कधीतरी एखाद्या घरी म्हणणारच, "फॉर्मचे पन्नास रुपये द्या." तिथून दलाली सुरू होते. दाव्याचा अर्ज भरायला पैसे मागणारे लोक बाजारात फिरताहेत, ते तुम्ही पाहिलेच आहेत.

दुसरे म्हणतात, एखाद्या संस्थेकडून मानधन घ्या. आमच्यातल्या दोघांनी असं काम केलं आहे. संस्थेचं नाव घेत नाही. महिन्याला पैसे मिळायचे, ते खोटं नाही. पण अहवाल कोणाला द्यायचा? शहरातल्या ऑफिसला. किती बैठका झाल्या, किती फोटो काढले, ते लिहायचं. गावात भांडण झालं तर "तो आपला विषय नाही." प्रकल्प संपला, गाडी यायची बंद झाली, वह्या त्यांच्या कपाटात गेल्या. पाड्याच्या हाती काय राहिलं? भिंतीवर रंगवलेलं नाव. आम्ही त्या लोकांना वाईट म्हणत नाही, शिकायलाही मिळालं. पण ज्याचे पैसे, त्याला हिशेब. हा सरळ व्यवहार आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं, की स्वयंसेवकाचं पोट पाड्यानेच बघावं. पाड्याकडे रोकड नाही हे आम्हाला माहीत आहे. पण पाड्याकडे सावड आहे. लावणीला आपण एकमेकांच्या शेतावर जातो की नाही? तसंच करायचं. पोरगा किंवा पोरगी जेवढे दिवस मोजणीला गेली, तेवढे दिवस त्यांच्या घरच्या भातकापणीला, झोडणीला पाड्यातलं एक-एक माणूस जाईल. ज्यांच्याकडे शेत नाही, रोजावरच पोट आहे, त्यांना घरटी एक पायली भात किंवा नागली. ३० घरांचा पाडा असेल तर ३० पायली होतात. एका घराला जड नाही, आणि त्या पोराच्या घरी चूल पेटते. तालुक्याला जायचं एसटीचं भाडं संघटनेच्या वर्गणीतून, तिकीट दाखवून.

हे दान नाही आणि पगारही नाही. पाड्याने दिलेली मजुरी आहे. जो धान्य देतो, तो विचारू शकतो, "माझं शेत कधी मोजणार?" आणि विचारलंच पाहिजे.

निवड कशी करायची

हे कोणाच्या ऑफिसात ठरलेलं नाही. शिबिरात बसून जे बोलणं झालं ते सांगतो. तुमच्या पाड्यात बसून त्यात बदल करा.

१. पाड्याची बैठक संध्याकाळी, सगळे कामावरून आल्यावर. बायका नसतील तर निवड करायची नाही.

२. नाव कोणीही सुचवावं. ज्याचं नाव आलं त्याने थोडा वेळ उठून बाहेर जावं, म्हणजे लोक मोकळं बोलतील.

३. साधारण ३० घरांमागे एक जोडी. शिवाय दोन जास्तीची नावं, कारण कोणी भट्टीवर गेलं तर काम अडू नये.

४. शिक्षणाची अट जोडीला, एकेकट्याला नाही. दोघांपैकी एकाला लिहिता-वाचता आलं की पुरे.

५. दुकानदाराचा वसुलीवाला, ठेकेदाराचा मुकादम, दारू पिऊन कामावर येणारा, ही नावं नकोत. नातेवाईक आहे म्हणून नको, आणि नातेवाईक आहे म्हणून नाकारायचंही नाही.

६. कोणत्याही घराकडून पैसे घ्यायचे नाहीत. घेतल्याचं कळलं तर पैसे सगळ्यांसमोर परत आणि काम बंद.

७. निवड होळीपर्यंत. होळीला बैठक घेऊन पुन्हा ठरवायचं. मध्येच पाड्याला वाटलं तर बदलायचं.

८. मोजणीची एक वही पाड्यात राहील. दर महिन्याला ती मोठ्याने वाचायची. ज्याला आपला बांध चुकीचा लिहिलाय वाटतं त्याने तिथेच सांगावं.

निवडलेल्या पोरांना आम्ही चार दिवस शिकवू. काय शिकवणार? दोरीने मोजायला. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. ४० गुंठे म्हणजे एक एकर. ४ हेक्टर म्हणजे जवळजवळ दहा एकर. वाकडा प्लॉट असेल तर त्याचे तुकडे पाडून कसं मोजायचं, चारी बाजूंना कोण आहे ते कसं लिहायचं. सरकारी माणूस मोजायला येईल तेव्हा आपला आकडा आपल्या वहीत पाहिजे, नाहीतर तो म्हणेल ते खरं. दुसरं, पुरावे ओळखायला. दंडाची पावती, रेशन कार्ड, मतदार यादी, जुनी विहीर, बांध, लावलेली झाडं. कुठलाही जुना कागद असो, जाळायचा नाही, फाडायचा नाही, आधी दाखवायचा. तिसरं, तारखा सांभाळायला. वनहक्क समिती पाहणीला जाणार त्याची खबर दावेदाराला आणि फॉरेस्टला द्यावी लागते. ग्रामसभेने दावा नाकारला तर प्रांतांच्या समितीकडे जायला ६० दिवस असतात. आणि दावे घ्यायला तीन महिने असले तरी ग्रामसभा कारण लिहून ती मुदत वाढवू शकते. "मुदत संपली, आता काही होणार नाही," असं कोणी सांगितलं तर घाबरून घरी बसायचं नाही.

१९४५ साली याच भागात आपल्या वारली आज्या-पणज्यांनी वेठबिगार मोडली, लग्नगडी मोडली. तेव्हा फोन नव्हता, रस्ता नव्हता. निरोप या पाड्यातून त्या पाड्यात पायीच गेला. नेणारी माणसं पाड्यातलीच होती, म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. आज निरोप कागदाचा आहे, पण विश्वास तसाच लागतो.

मोठ्या माणसांना आमची विनंती आहे. पोराला नुसतं "जा, फॉर्म भर" म्हणू नका. त्याच्याबरोबर एकदा रानात चला. आजोबाने पहिला बांध कुठे घातला, कुठल्या वर्षी फॉरेस्टने पीक मोडलं, कोणाला पकडून नेलं, ते दाखवा. आम्ही शाळेत खूप शिकलो, पण हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं. तुम्ही गेल्यावर आम्ही विचारणार कोणाला?

आणि पोरापोरींनो, नाव सुचवलं तर लाजून मागे बसू नका. येत नसेल तर "येत नाही" म्हणा, शिकता येतं. माहीत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणा. आमचा तो पोरगा एवढंच म्हणाला असता तर आजीचा डबा आजही कुडाला टांगलेला असता.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने आपल्या जोडीची नावं घेऊन यावं. बैठकीला कोण कोण होतं, बायका किती होत्या, तेही लिहून आणा. नुसती नावं आणली तर आम्ही विचारू, ही कोणी निवडली?

जिंदाबाद!