डोक्याच्या त्वचेचा कर्करोग : वेळीच ओळख, वेळीच शस्त्रक्रिया

(वढू बुद्रुक येथील आरोग्य मेळाव्यातील भाषण)



छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीने पावन झालेल्या या भूमीत आपल्याशी संवाद साधण्याची संधी लाभली, हे आम्ही आमचे भाग्य समजतो.

कर्करोग म्हटले की तोंडाचा, स्तनाचा वा गर्भाशयमुखाचा कर्करोग आठवतो. डोक्याच्या त्वचेलाही तो होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या त्वचेतील रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून बरेच संरक्षण देते. म्हणून ऑस्ट्रेलिया वा युरोपच्या तुलनेत आपल्याकडे हा रोग कमी आढळतो. परंतु कमी म्हणजे नाहीच, असे नव्हे. वर्षानुवर्षे शेतात राबणाऱ्या, केस विरळ झालेल्या माणसाचे डोके सर्वांत अधिक ऊन सोसते. दुसरे कारण म्हणजे भाजल्याचा जुना व्रण. बालपणी चुलीने वा उकळत्या पाण्याने भाजलेल्या जागेची कातडी पातळ राहते, वारंवार फुटते आणि कित्येक वर्षांनी तेथेच कर्करोग उद्भवू शकतो. वैद्यकशास्त्रात यास ‘मार्जोलिनचा व्रण’ म्हणतात.

या रोगाचे प्रमुख प्रकार तीन. ‘बेसल सेल’ प्रकार सावकाश वाढतो, क्वचितच दूर पसरतो, पण जागच्या जागी खोल पोखरत जातो. ‘स्क्वॅमस सेल’ प्रकार कानाजवळच्या व मानेतील गाठींपर्यंत पोहोचू शकतो. ‘मेलॅनोमा’ आपल्याकडे विरळा, परंतु सर्वांत घातक.

महिना उलटूनही न भरणारी जखम, पुनःपुन्हा धरणारी व निघणारी खपली, कंगवा लागताच येणारे रक्त, वाढणारा वा रंग बदलणारा तीळ ही लक्षणे ओळखावीत. डोके फेट्याखाली, टोपीखाली वा पदराखाली झाकलेले असते आणि स्वतःचे डोके स्वतःला दिसत नाही. म्हणून केस कापणारे नाभिक बांधव आणि वेणी घालणाऱ्या लेकी-सुना याच या रोगाच्या पहिल्या पारखी होत. हळद, चुना वा जाळणारी मलमे लावण्यात महिने दवडू नयेत. जागा बधिर करून छोटा तुकडा तपासणीस काढल्याने रोग पसरतो, ही समजूतही सोडून द्यावी. त्या तपासणीवाचून निदान पक्के होत नाही.

उपचारात शस्त्रक्रियेला अग्रस्थान आहे. रोगट भाग सभोवतालच्या काही निरोगी त्वचेसह काढला जातो व कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक मोह्ज यांनी 1930 च्या दशकात थर काढत व तपासत जाण्याची पद्धत विकसित केली. आज ती मोजक्या केंद्रांत उपलब्ध आहे.

खरा कस पुढे लागतो. डोक्याच्या त्वचेखाली चिवट पडदा असल्याने ती फारशी ताणत नाही. लहान जखम टाक्यांनी मिटते. मोठी असल्यास शेजारची त्वचा रक्तपुरवठ्यासह फिरवून आणतात. हाडावरील आवरण शाबूत असेल, तर मांडीची पातळ कातडी तेथे रुजते. उघड्या हाडावर मात्र ती सहसा धरत नाही. फार मोठ्या जखमेसाठी पाठीचा स्नायू आणून त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडाव्या लागतात. रोग हाडात शिरला असल्यास मेंदूशल्यतज्ज्ञांचे साहाय्य लागते, पुढे किरणोपचारही द्यावे लागू शकतात. नाण्याएवढ्या जखमेचा उपचार बहुधा एका छोट्या शस्त्रक्रियेत आटोपतो. तीच तळहाताएवढी झाली की घर कर्जात बुडते. विलंबाची किंमत ती हीच.

या शल्यकलेशी पुण्याचे नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक पुण्याच्या परिसरातील एका वैद्याने कपाळाची त्वचा फिरवून पुन्हा घडविले. त्याचा वृत्तांत 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला आणि 1814 मध्ये तेथील शल्यविशारद कार्प्यू यांनी ती पद्धत अवलंबिली. रक्तपुरवठा राखून त्वचा हलविण्याचे तेच तत्त्व आज डोक्याच्या जखमा झाकण्यास उपयोगी पडते.

देणगीदारहो, मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचाही आधार आहे. रुग्णांच्या आप्तेष्टांनी शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला सोबत आणून रुग्णालयातील समाजसेवकांना आवर्जून भेटावे. तथापि पुनःपुन्हा येण्याजाण्याचे भाडे, मलमपट्टी, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी हा भार कुटुंबावरच पडतो आणि त्यापायी उपचार अर्ध्यावर सुटतात. आपली देणगी नेमकी तेथे उपयोगी पडते.

आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांच्या डोक्यावरील टोपी क्षणभर बाजूला करून पाहावे, एवढीच आमची नम्र विनंती.