खोक्याच्या तळाचे खेळाडू

केक खायचा आणि खोकं फेकून द्यायचं, ही जगाची रीत. पण १९७५ ते १९७९ या काळात अमेरिकेतली मुलं खोकं जपायची आणि हातात कात्री घ्यायची. ट्विंकी हा क्रीम भरलेला केक बनवणाऱ्या होस्टेसनं मोठ्या खोक्यांच्या तळाला बेसबॉलपटूंची कार्डं छापली होती. एका तळावर तीन. वर्षाला १५० खेळाडू, म्हणजे ५० वेगवेगळे तळ. आईच्या मागे केकसाठी भुणभुण लावायला एवढं कारण पुरेसं होतं!

कार्डं तुटक रेषांवर कापायची असत, आणि कापणारा हात लहान मुलाचा. त्यामुळे एखादी कड तिरकी, तर कुठे खेळाडूची टोपीच छाटलेली. म्हणूनच आज तिन्ही कार्डांची अखंड पट्टी सुट्या कार्डांपेक्षा जास्त भाव खाते आणि न उघडलेलं खोकं तर संग्राहकाला स्वप्नवतच. ट्विंकीच्या छोट्या पाकिटांतल्या पुठ्ठ्यांवरही कार्डं आली होती. त्यांवर अनेकदा केकचे तेलकट डाग सापडतात. मला विचाराल तर ते डाग हाच खरेपणाचा दाखला.

१९७५च्या संचात रॉबिन यौंट आहे. तेव्हा अगदी नवखा, पुढे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेला. त्याच संचात डग रेडरच्या आडनावाचं स्पेलिंग आधी चुकलं, मग सुधारलं गेलं. हौशी मंडळी दोन्ही कार्डं शोधतात.