ऑपरेशन सुनेनेच का करून घ्यायचे?

(मंदिरातील ज्येष्ठ सभासदांच्या मासिक मेळाव्यात एका निवृत्त डॉक्टर भगिनींनी केलेले भाषण)



विषय जाहीर झाल्यावर मागच्या रांगेत थोडी कुजबुज झाली, ती ऐकली मी. देवळात हा विषय कशाला? पण आपल्या घरांत असे निर्णय स्वयंपाकघरात होतात, आणि तिथे शेवटचा शब्द बऱ्याचदा आपलाच असतो, आजी-आजोबांचा. म्हणून तुमच्याशीच बोलायला आले आहे.

मी इथे इंग्लंडमध्ये पुष्कळ वर्षे डॉक्टरकी केली. आपली जोडपी यायची. दोन मुले, दोन्ही वेळा सिझेरियन, बाई थकलेली. "आता बास" यावर दोघांचे एकमत. मग ऑपरेशन कोणी करून घ्यायचे, असे विचारले की नवरा बायकोकडे बघायचा. "अहो, तुमचे जास्त सोपे असते," म्हटले की ठरलेले उत्तर, "आईला आवडणार नाही." चाळिशीच्या इंजिनिअरचे हे उत्तर!

आईला काय वाटते तेही मला ठाऊक आहे. मुलगा अशक्त होईल, जड उचलता येणार नाही, पुरुषपण जाईल. यातले काहीही खरे नाही. नसबंदीत शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या तेवढ्या बंद करतात. हार्मोन पूर्वीसारखेच रक्तात जातात. ताकद, दाढी-मिशी, इच्छा सगळे जागच्या जागी. तेवढ्याच भागाला भूल देतात, साधारण पंधरा मिनिटांचे काम, त्याच दिवशी घरी. बाईच्या ऑपरेशनला पोटात शिरावे लागते आणि बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. ज्या पोटावर दोन टाके आधीच पडलेत, त्यावर तिसरे कशाला?

भीतीचे मूळ आणीबाणीत आहे. १९७६-७७ या एका वर्षात भारतात साठ लाखांवर पुरुषांची नसबंदी झाली, त्यात कितीतरी जणांवर जबरदस्ती. ते दिवस तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेत. ती भीती खोटी नव्हती. पण तिची किंमत बायका आजवर मोजताहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभर विवाहित स्त्रियांमध्ये जवळजवळ ३८ जणींचे ऑपरेशन झालेले होते. नवऱ्याने करून घेतले, अशा हजारात तीन.

आणि हे आपल्याला नवे नाही बरे का. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी दवाखाना काढला १९२१ मध्ये. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव. लोकांनी त्यांना अश्लील ठरवले, विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. पण मूल नको हे ठरल्यावर शस्त्रक्रिया त्यांनी मालतीबाईंची नव्हे, स्वतःची करून घेतली.

आता सावधगिरीचे दोन शब्द. मुलाला भरीस घालू नका. हा उपाय कायमचा समजायचा. नळ्या पुन्हा जोडणे नेहमी साधत नाही, आणि एनएचएसवर ते सहसा करूनही मिळत नाही. मन पक्के नसेल तर निरोध आहे, तोही पुरुषानेच वापरायचा. ऑपरेशननंतर लगेच निर्धास्त होऊ नये. साधारण आठ ते बारा आठवड्यांनी वीर्याची तपासणी होते, ती 'साफ' येईपर्यंत दुसरे साधन चालू ठेवायचे. नेमक्या याच काळात गाफील राहून दिवस गेलेली जोडपी मी पाहिली आहेत. पुढेही हजारोंत एखाद्याची नळी आपोआप जुळते, तेव्हा सुनेची पाळी चुकली तर तिच्यावर संशय नको, आधी चाचणी करा!

एनएचएसवर हे मोफत असते. प्रतीक्षा यादी मात्र भागाभागाप्रमाणे कमी-जास्त. आपल्या जीपीला विचारायचे.

शेवटी एक विनंती. ऑपरेशननंतर एक-दोन दिवस विश्रांती लागते, घरी सोडायला कोणीतरी लागते. इथे एकटीदुकटी कुटुंबे आहेत, आईवडील भारतात. कार्यालयात सेवा समितीची वही ठेवली आहे. ज्यांना गाडी चालवता येते, किंवा दोन दिवस मुलांना सांभाळता येईल, डबा देता येईल, त्यांनी नाव लिहावे. ज्यांना मदत हवी त्यांनी फक्त तारीख सांगावी. कारण कोणी विचारणार नाही.