कच्च्या फिल्मची पेटी



पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘जगभरातले स्वतंत्र चित्रपट आणि माहितीपट’. वेळ पाऊण तास. एवढ्यात जग काही बसायचं नाही, म्हणून मी एका पेटीबद्दल बोलणार आहे. 1972-73च्या सुमारास ती चिलीची राजधानी सांतियागो इथे विमानानं उतरली. आत 16 मिलिमीटरची कच्ची फिल्म होती, 43,000 फूट.

1970मध्ये साल्वादोर आयेंदे निवडणूक जिंकून चिलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. मतपेटीतून समाजवाद आणू म्हणणारा माणूस. त्यांच्या सरकारनं तांब्याच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं, अमेरिकेनं कर्ज आटवलं, बाहेरून येणाऱ्या मालाची टंचाई सुरू झाली. फिल्मही त्यातच आली. पात्रिसिओ गुझमान हा तिशीतला दिग्दर्शक हात चोळत बसला होता. दारात इतिहास घडतोय आणि कॅमेऱ्यात घालायला फिल्म नाही! फ्रेंच माहितीपटकार क्रिस मार्कर यांच्याशी त्याची ओळख होती. आयेंदेंच्या पहिल्या वर्षावरचा गुझमानचा माहितीपट त्यांनी फ्रान्समध्ये दाखवला होता. गुझमाननं त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर तारेनं आलं, जमेल ते करतो एवढ्याच अर्थाचं. त्यानंतर आली ती पेटी. गंमत अशी की फिल्म कोडॅकची होती. अमेरिकेनं कोंडी केलेल्या देशात अमेरिकन फिल्म, तीही पॅरिसच्या मित्राकरवी.

आता हिशेब करा. 16 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 36 फूट पळते. म्हणजे सगळी मिळून जेमतेम वीस तास. हल्ली आपल्याकडे बारशाचं शूटिंगसुद्धा याहून सढळ हातानं होतं. त्यामुळे काय टिपायचं नाही, हे आधी ठरवावं लागलं. गुझमाननं खोलीच्या भिंतीवर तक्ता केला. अर्थकारण, राजकारण, विचारांची लढाई असे मुद्दे मांडले, चित्रीकरण झालं की त्यावर खूण. पाच जणांचं पथक, एक कॅमेरा, एक ध्वनिमुद्रक. कॅमेरा होर्हे म्युलर याच्या खांद्यावर.

हा म्युलर काय ताकदीचा होता, ते मला एका फिल्म सोसायटीच्या खेळात कळलं. जुलै 1973मध्ये आयेंदेंचे नौदलातले एडीसी आर्तुरो आराया यांची हत्या झाली. त्यांच्या अंत्यविधीला सगळे सेनाधिकारी जमले आहेत. म्युलर लांबून, सावकाश, त्यांच्या चेहऱ्यांवरून कॅमेरा फिरवत राहतो. पदकं, हातमोजे, एकमेकांच्या कानाशी झुकलेली डोकी. फिल्मचा दुष्काळ असताना हा माणूस एवढा वेळ नुसते चेहरे का टिपतोय, असं मला वाटलं होतं. दीड महिन्यानं काय झालं ते आठवलं आणि मग खुर्चीत सरसावून बसलो. त्या गर्दीत कोण काय शिजवतंय हे म्युलरला ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्यानं फक्त नजर काढून घेतली नाही.

11 सप्टेंबर 1973ला लष्करानं सत्ता बळकावली. आयेंदे राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादातच मरण पावले. गुझमानला पकडून सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये दोन आठवडे डांबलं. फिल्मची रिळं त्याच्या काकांच्या घरी दडवलेली होती. तिथून ती स्वीडनच्या वकिलातीत पोहोचली. हराल्ड एडेलस्टाम हे तिथले राजदूत. त्यांनी कितीतरी निर्वासितांना आसरा दिला होता, आता फिल्मलाही दिला. वालपराइसो बंदरातून बोटीनं रिळं स्टॉकहोमला गेली. पुढे क्यूबाच्या सरकारी चित्रपटसंस्थेनं संकलनाची सोय केली. पेद्रो चास्केल टेबलावर बसला, सल्ल्याला हुलिओ गार्सिया एस्पिनोसा. ‘चिलीची लढाई’ हा साडेचार तासांच्या आत-बाहेरचा माहितीपट तीन भागांत 1975 ते 1979 या काळात पूर्ण झाला.

आता ‘स्वतंत्र’ या शब्दाकडे येऊ. आपल्याला वाटतं, स्वतंत्र चित्रपट म्हणजे एकट्याच्या हिमतीवर काढलेला. या चित्रपटात एकट्याचं असं काय आहे? फिल्म फ्रेंच मित्राची, दडवायची जागा काकांची, वाट स्वीडिश राजदूताची, टेबल क्यूबाचं. पहिल्या भागाचा शेवटचा शॉट तर पथकानं घेतलेलाच नाही. 29 जून 1973च्या फसलेल्या बंडात लिओनार्दो हेन्रिक्सन या अर्जेंटिनाच्या कॅमेरामननं तो टिपला. सैनिक त्याच्यावर नेम धरतो, गोळी झाडतो, चित्र कलंडतं. स्वतःचा मृत्यू टिपणाऱ्याचं ते ऋण कुणी फेडायचं? स्वतंत्र चित्रपटाला मालक नसतो, धनको मात्र पुष्कळ असतात. पोस्टरवर पंधरा महोत्सवांची चिन्हं छापून ‘इंडी’ म्हणवणाऱ्या चित्रपटांविषयी मला आकस नाही. पण हा शब्द वापरताना धनकोंची यादी एकदा वाचावी.

ही काही फक्त परदेशची गोष्ट नाही. त्याच सुमारास मुंबईच्या आनंद पटवर्धनांनी बिहारमधल्या जयप्रकाशांच्या आंदोलनावर ‘क्रांती की तरंगें’ केली, मुदत संपलेल्या फिल्मवर. आणीबाणी आली तेव्हा प्रिंटचे तुकडे करून ते वेगवेगळ्या लोकांच्या हाती देशाबाहेर पाठवले आणि परदेशात पुन्हा जोडले. पुढे कॅनडात त्यांनी याच भूमिगत सिनेमावर प्रबंध लिहिला. सांतियागो आणि पाटणा एकमेकांना ओळखत नव्हते, युक्ती मात्र एकच सुचली.

गुझमान परागंदा झाला, पण त्यानं चिली सोडला नाही. ‘नॉस्टॅल्जिया फॉर द लाइट’ या 2010च्या माहितीपटात तो आताकामाच्या वाळवंटात जातो. हवा इतकी कोरडी की खगोलशास्त्रज्ञांनी जगातल्या मोठ्या दुर्बिणी तिथे उभ्या केल्या. त्याच वाळवंटात बायका फावडी घेऊन लष्करी राजवटीत नाहीशा झालेल्या आपल्या माणसांची हाडं शोधतायत. मिगेल लॉनेर नावाचे वास्तुविशारद त्यात भेटतात. छळछावणीत असताना त्यांनी पावलांनी सगळी छावणी मोजली. रात्री आराखडा काढायचा आणि उजाडायच्या आत फाडून शौचकुपात टाकायचा. पुढे डेन्मार्कमध्ये निर्वासित असताना ती सगळी चित्रं त्यांनी आठवणीतून पुन्हा काढली. कागदही जवळ ठेवायची सोय नाही, तर माणूस पावलांवर दस्तऐवज करतो. माहितीपटाची याहून चांगली व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

1990च्या दशकात गुझमान आपला जुना चित्रपट घेऊन चिलीत परतला आणि तरुणांना दाखवला. काही मुलं वाद घालत राहिली, काही बघून झाल्यावर हुंदके देत बसली. त्या देशाच्या दूरचित्रवाणीवर ‘चिलीची लढाई’ दिसायला मात्र 2021 उजाडावं लागलं. हा चित्रपट होर्हे म्युलरला अर्पण केलेला आहे. 29 नोव्हेंबर 1974 रोजी लष्कराच्या गुप्त पोलिसांनी त्याला आणि त्याची मैत्रीण, अभिनेत्री कार्मेन ब्वेनो हिला पकडून नेलं. दोघं परत आली नाहीत.